श्वासनलिकेचा स्नायू आणि दीर्घ श्वास



लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातील डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर हे स्वतः बालपणापासून दमेकरी होते, आणि म्हणूनच की काय, 1860 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दम्यावरील ग्रंथात, रोग्याकडे केवळ बाहेरून पाहणाऱ्या वैद्याला सहसा न सुचणारी निरीक्षणे जागोजाग आढळतात. कडक कॉफीने धाप उतरते हे त्यांनी नोंदविले; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेहून विलायतेत गेलेल्या धोतऱ्याच्या धूम्रपानाचाही त्यांनी परामर्श घेतला. परंतु त्या काळच्या त्यांच्या लेखनातील जे निरीक्षण आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे ते याहून पुष्कळ साधे आहे. दमा हलकासा लागलेला असताना रोग्याने एकच दीर्घ, छातीभर श्वास आत ओढला, तर आवळलेल्या नलिका जणू बळाने उघडल्या जातात आणि काही काळ श्वासोच्छ्वास मोकळा चालतो. मात्र दमा तीव्र असेल तर हा उपाय चालत नाही. या ‘मात्र’ची खरी चौकशी सुरू होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

नलिका आवळतो तो स्नायू आपल्या इच्छेच्या हुकमतीत नाही. स्ट्रासबर्गचे शरीरशास्त्रज्ञ राइसआयझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याचे सविस्तर वर्णन केले होते. गळ्याखालच्या मोठ्या श्वासनालातील कूर्चेची कडी पाठीमागे अपुरी असतात व ती उणीव हा स्नायू भरून काढतो. पुढे नलिका विभागत विभागत बारीक होतात, कूर्चा विरळ होत अखेर नाहीशी होते, आणि मग स्नायूचे तिरपे वेढेच काय ते नलिकेभोवती उरतात. हवा संथपणे वाहत असता नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर वाहण्यास होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सोळापट होतो, एवढे एक गणित लक्षात घेतले म्हणजे या चिमुकल्या स्नायूच्या अंगी केवढा उपद्रव करण्याचे सामर्थ्य आहे हे कळून येईल. आणि नवल असे की, निरोगी माणसाला त्याचा उपयोग कोणता, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही; बाल्टिमोरचे संशोधक वेन मिट्झनर यांनी तर 2004 साली त्याची गणना, आतड्याच्या आंत्रपुच्छाप्रमाणे, निरुपयोगी अवयवांत करावी असे सरळ सुचविले. मला हे मत थोडे उतावळे वाटते, पण ते खोडून काढणारा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आता दीर्घ श्वासाकडे वळू. 1961 साली अमेरिकेत नॅडेल व टिअर्नी या दोघांनी निरोगी माणसांच्या नलिका औषधाने आवळवून दाखविले की, एक खोल श्वास घेताच त्या बऱ्याच अंशी सैल पडतात. फुप्फुस फुगले म्हणजे सभोवारचे वायुकोश नलिकेच्या भिंतीला बाहेरच्या दिशेने ओढतात आणि स्नायू ताणला जातो, हे त्याचे स्थूल कारण. त्याहून विलक्षण प्रयोग 1995 साली स्क्लूट, परमट आणि टोगियास यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी व्यक्तींना नलिका आवळणारे मेथाकोलीन हुंगविले, पण त्या अवधीत खोल श्वास घेण्यास मनाई केली. एरवी आपण नकळत दर काही मिनिटांनी सुस्कारा टाकतो, तोही वर्ज्य. परिणाम असा झाला की, धडधाकट माणसांच्या नलिका दमेकऱ्यांच्या नलिकांप्रमाणेच आवळल्या! पुढे खोल श्वासाची मुभा मिळताच निरोगी माणसे सावरली. दमेकऱ्यांना मात्र त्याच श्वासाचा तसा गुण आला नाही. तेव्हा दम्याचे मर्म स्नायू अधिक आवळण्यात नसून, ताणल्यावर सैल न पडण्यात असावे, असे अनुमान त्यांनी मांडले.

या अनुमानाला बोस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठातील जेफ्री फ्रेडबर्ग यांनी सूक्ष्म पातळीवरचे स्पष्टीकरण दिले. स्नायूच्या पेशीत मायोसिनचे असंख्य आकडे ॲक्टिनच्या तंतूंना धरतात व सोडतात. श्वासागणिक स्नायू ताणला जातो तेव्हा हे आकडे मुदतीपूर्वीच सुटतात, आणि स्नायू मऊ राहतो. हालचाल थांबली तर ते सावकाश, थोड्याशा ऊर्जेवर, दीर्घकाळ धरून बसतात व स्नायू ताठर होतो. रोज उघडझाप होणाऱ्या दाराची बिजागरी सैल राहते आणि बंद घराची पावसाळ्यात आवळून बसते, तसाच हा प्रकार.

विचार मोहक होता. त्यामुळेच त्याची फेरतपासणी होणे इष्ट होते. बोस्टन विद्यापीठातील केनेथ लुचेन यांच्या प्रयोगशाळेत गुरांच्या फुप्फुसांतील अखंड नलिका काढून, त्यांना श्वासाइतकेच ताण देऊन पाहण्यात आले, आणि 2010 मध्ये असे जाहीर झाले की, सुट्या केलेल्या स्नायूच्या पट्टीवर जो प्रभाव इतका ठळक दिसतो, तो सबंध नलिकेत फारच क्षीण असतो. कारण नलिकेची भिंत स्वतःच ताठ असते आणि स्नायूपर्यंत ताण पोहोचतो तो थोडाच. मग दोष स्नायूचा की भिंतीचा? व्हँकूवरच्या संशोधकांनी 2012 साली मृत दमेकऱ्यांच्या श्वासनालातील स्नायू तपासला, तेव्हा त्याचा कमाल जोर निरोगी स्नायूपेक्षा जास्त नव्हता, पण हिसके दिल्यावर त्याचा जोर जितका घटावयास हवा तितका घटत नव्हता. म्हणजे सॉल्टर यांच्या ‘मात्र’चा काही अंश तरी स्नायूतच आहे. या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचा दाखला वाटतो तो हाच, कारण येथे प्राण्याचा नव्हे, तर खुद्द रोग्याचाच स्नायू हाती आला होता.

दरम्यान, 2011 साली साउदम्प्टनच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखविली: सौम्य दमेकऱ्यांच्या नलिका मेथाकोलीनने पुन्हा पुन्हा आवळविल्या असता, दाह न वाढताही, भिंतीत जाडी आणणारे बदल सुरू होतात, आधी नलिका सैल करणारे औषध दिले तर होत नाहीत. म्हणजे आवळणे हे केवळ लक्षण नव्हे, तेच पुढच्या बिघाडाचे कारणही ठरू शकते.

स्नायूच जाळून टाकण्याची तजवीजही झाली. दुर्बिणीतून तार घालून नलिकेच्या भिंतीला सुमारे 65 अंश सेल्सिअस उष्णता देण्याच्या उपचाराला अमेरिकेत 2010 साली परवानगी मिळाली. मोठ्या चाचणीत रोग्यांचे तीव्र झटके कमी झाले. पण पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर फेकता येते, हे जे माप दम्यात नेहमी घेतले जाते, त्यात म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. स्नायू क्षीण केल्यावर झटके ओसरावेत आणि हवेची वाट मात्र होती तितकीच रुंद राहावी, याचा उलगडा कोणालाच नीटसा झालेला नाही.