जड झालेली क्विल
(मंडळाच्या मांडवात केलेले छोटेसे भाषण)



या मांडवात नाट्यसंगीत होतं, कीर्तन होतं. आम्ही पडलो सरकारी तंत्रशिक्षण संस्थेतले डिप्लोमावाले, तेव्हा तेलकट हातांचीच गोष्ट सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच बडोद्यात कलाभवन काढलं. हाताच्या कामाबद्दल इथं बोलायला संकोच कसला?

आमच्या वर्कशॉपात एक जुनं उभं मिलिंग मशीन आहे. त्याची क्विल, म्हणजे फिरता स्पिंडल पोटात घेऊन वर-खाली सरकणारी जाड नळी, इतकी जड झाली की मुलं हँडलला लोंबकळू लागली. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली. वरून निरोप आला, दुरुस्त होत नसेल तर भंगाराच्या यादीत टाका.

एका मुलानं हातोडी उचलली. त्याला थांबवलं. आधी वीज बंद केली, क्विलचा लॉक पूर्ण सैल आहे ना ते पाहिलं, ऑटो फीड सोडवला. मग हँडल हळूहळू फिरवून पाहिलं. एकाच जागी अडकलं, तर तिथं बर आलेला असतो किंवा रॅकच्या दातांत कीस बसलेला असतो. फक्त वर नेतानाच जड लागलं, तर घड्याळासारख्या गुंडाळलेल्या स्प्रिंगचा दोष. आमची क्विल वरपासून खालपर्यंत सारखीच जड होती. म्हणजे आत काहीतरी चिकटलं होतं.

क्विल खाली घेऊन पुसली, तर चिंधीला काळपट चिकटा लागला. ग्रीस! दोन वर्षांपूर्वी स्पिंडल ऑइल संपलं होतं, तेव्हा ‘तात्पुरतं’ म्हणून ते आम्हीच लावलं होतं. मुलांसमोर हे कबूल करताना जीभ क्विलपेक्षा जड झाली.

मग दोन दिवस एकच काम. बेअरिंगमध्ये उतरू न देता थोडं थोडं रॉकेल लावायचं, क्विल वर-खाली करायची, पुसायची. एमरी पेपर मात्र लावू दिला नाही. त्याची कणी आत गेली तर क्विल घासते, फट वाढते आणि मशीनचा नेमकेपणा कायमचा जातो. चिंधी स्वच्छ निघू लागल्यावर पातळ स्पिंडल ऑइल दिलं. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांत किरकोळ पोरानं हँडल सहज फिरवलं. परीक्षा त्याच मशीनवर झाली.

आता मशीनला कोणतं तेल, कधी आणि कुणी घातलं, ते शेजारच्या पाटीवर लिहितो. मंडळी, काही जड झालं की जोर लावण्याआधी शेवटचा हात कुणाचा लागला होता, ते आठवावं. आम्हाला तो आपलाच सापडला.

गणपती बाप्पा मोरया!