निरभ्र आकाशाचे मोल

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि थोड्याच दिवसांत जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. दिल्लीच्या हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घटला. तो मुख्यतः वाहनांच्या धुरातून येतो व काही तासांत विरतो. सूक्ष्म धूलिकणही घटले. ओझोन मात्र त्या प्रमाणात हटला नाही, कारण त्याला गिळणारा नायट्रिक ऑक्साइडच रस्त्यांवरून नाहीसा झाला होता! शिवाय हे आकाश फुकट लाभलेले नव्हते. हातावर पोट असलेले लाखो श्रमिक त्याच आकाशाखाली पायी गावाकडे निघाले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीची हवा पुन्हा ‘गंभीर’ श्रेणीत गेली. वाहने परतली होती, पंजाब-हरियाणाच्या शेतांत भाताचे काड जळत होते.