ओळख देणे हीदेखील अनुकंपा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा यथोचित गौरव पूर्ववक्त्यांनी केलाच आहे. मी पुढील एका कर्तव्याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

आपल्यातील अनेक कुटुंबे मूळची वऱ्हाडातील नाहीत. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, पुढील दशकात रेल्वे आली आणि अमरावती, अकोला, खामगावचा कापूस बाजार वाढला. त्या कापसामागे मारवाड, गुजरात, कच्छमधून आपले पूर्वज आले. मुलूख परका, भाषा परकी; परंतु कोणाच्या तरी पेढीवर निजायला जागा मिळाली आणि 'हा अमक्याचा मुलगा' एवढा शब्द मिळाला. त्या एका शब्दावर उधारीने माल मिळत असे.

आज धारणी-चिखलदऱ्यातून कोरकू स्त्रिया आणि तरुण परतवाडा, अमरावती, अकोल्याकडे कामासाठी येतात. मुक्तागिरीच्या यात्रेला जाताना परतवाड्याच्या रस्त्यावर आपण त्यांना पाहिलेले आहे. वीटभट्टीवर हजार विटांचा दर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ठरतो. हिशेब पुरुषाच्या नावाने होतो, आधी घेतलेली उचल त्यातून वळती होते आणि स्त्रीच्या हाती तिची स्वतःची मजुरी पडतच नाही. होळीला ही मंडळी गावी परततात आणि पुन्हा निघतात. त्यांच्यातील शिकलेली मुलगी दुकानात काम मागू लागली, तर आपला पहिला प्रश्न असतो, 'ओळख कोणाची?' ती ओळख नसल्यामुळेच ती मुकादमाच्या हाती जाते. तिची घरची भाषा कोरकू. मराठी बोलताना ती अडखळते आणि आपण तिला मंद समजतो.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन सांगितले आहेत. शक्तीबाहेर भार लादणे व वेळेवर अन्नपाणी न देणे, हे आपण मुक्या जनावराबाबत कटाक्षाने पाळतो. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या, स्वच्छतागृहाअभावी पाणी पिण्याचे टाळणाऱ्या मुलीलाही तोच नियम लागू नाही काय?

आपल्या समाजाने असे कार्य केलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे मेळघाटातील आदिवासी मुलेही तेथे शिकली. आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले आणि समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांच्या हाताला काम दिले.

संधीही दारी आहे. नांदगाव पेठेत सुमारे एक हजार एकरांवर होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. शिवणकामाला शिकलेले हात लागतीलच. ते आपल्या जिल्ह्यातले असावेत.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, संस्थेने धर्मशाळेतील काही खोल्या बाहेरगावच्या कामकरी मुलींसाठी राखून शिवणवर्ग व मराठीचा वर्ग चालवावा. दुसरी, वर्ग पूर्ण करणाऱ्यांना संस्थेने ओळखपत्र द्यावे, बँकेचे खाते काढून द्यावे, ई-श्रम नोंदणी करून द्यावी. तिसरी विनंती आपणा व्यापाऱ्यांना आहे: पगार ठरलेला व ज्याचा त्याच्या खात्यात, आठवड्याची सुट्टी, बसायला स्टूल, स्वच्छतागृह आणि जेवणाची वेळ.

समाजाचा पैसा समाजाबाहेर का, असे कोणी विचारील. देवद्रव्याला हात लावण्याचा प्रश्नच नाही. अनुकंपा खाते याचसाठी असते, आणि अनुकंपेत पात्राची जात पाहत नाहीत. शिवाय ही भीक नाही. उत्तम काम करणारी माणसे आपल्यालाच हवी आहेत. आपल्या आजोबांना मिळालेला तो एक शब्द आपण या मुलांना द्यावा, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.