संगीत नाटकाची दक्षिणेकडील वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीत नाटकाचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ आणि त्या मानाने अलीकडचे ‘कट्यार काळजात घुसली’ अशी चारपाच नाटके उभी राहतात, आणि त्यांच्या पाठोपाठ पुण्यामुंबईची नाट्यगृहे. या नाटकांच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या मागे आणि भोवती अशी कितीतरी संगीत नाटके आहेत की, ज्यांचे नावही आज आपल्या घरांतून ऐकू येत नाही. त्यांचा माग काढू लागावे तो पावले दक्षिणेकडे, म्हणजे आपण राहतो त्या मुलखाकडे वळतात. हाच विषय आज आपणांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ आपल्या बंगळुरापासूनच करणे उचित होईल. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे येथील कारभार व्यंकोजीराजांकडे आला व 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावरची गादी मिळविली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी 1684 ते 1712 पर्यंत तंजावरावर राज्य केले. हे राजे स्वतः नाटककार होते. तेलुगू यक्षगानाच्या धर्तीवर त्यांनी पदांनी भरलेली मराठी नाटके रचिली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांपैकी एक. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात या नाट्यवाङ्मयाची हस्तलिखिते जतन केलेली आहेत.

त्याच राजांचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. कृष्णावर अनुरक्त झालेल्या निरनिराळ्या देशींच्या राजकन्या त्यात आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा पाच भाषा एका रंगमंचावर नांदतात. आपल्या इमारतीच्या जिन्यात रोज सकाळी जे संमेलन भरते, ते तंजावरच्या दरबारात तीनशे वर्षांपूर्वीच भरले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे याच घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी गेय नाटक लिहिले. कुरवंजी हा तमिळ मुलखातील नाट्यप्रकार होय. डोंगरात राहणाऱ्या कुरव जमातीची स्त्री नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते, हा त्याचा ठरलेला साचा. सरफोजींनी हा साचा कायम ठेवून या कुरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. भूगोलाचा धडा पदांतून गाऊन दाखवावा, ही कल्पना शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या राजालाच सुचू शकते.

असे असूनही या नाटकांची परंपरा महाराष्ट्रात पोहोचली नाही. त्याचे कारण उघड आहे. ती राजवाड्यात जन्मली आणि राजाश्रयावर जगली. गावोगाव हिंडणारी, तिकीट लावून खेळ करणारी मंडळी तिला लाभली नाही. ज्या कलेला फिरता संसार नाही, ती कितीही श्रीमंत असली तरी हस्तलिखितात बंद होते.

महाराष्ट्रात जी परंपरा रुजली तिचाही उगम कानडी मुलखाकडेच सापडतो. उत्तर कन्नडमधील कर्की गावच्या भागवतांची नाटकमंडळी 1842 मध्ये सांगलीस आली. त्यांचे यक्षगान पद्धतीचे खेळ पाहून, पण ते अधिक नीटस व्हावेत म्हणून, सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस मराठीत खेळ रचावयास सांगितले. 5 नोव्हेंबर 1843 रोजी झालेला ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग तो हाच. या खेळांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत.

पात्रांनी स्वतः गावे, ही पुढची पायरी. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी 1879 मध्ये ‘नलदमयंती’ या संगीत नाटकात ती गाठली होती. परंतु पुढच्याच वर्षी आलेल्या ‘शाकुंतल’च्या तेजात ते झाकोळले. ‘शाकुंतल’चे कर्ते बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म 1843 चाच, आणि गाव बेळगावकडील गुर्लहोसूर. बेळगावात ते शिक्षक होते, पुढे रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस लागले. कचेरी सांभाळून नाटक लिहिणारा हा गृहस्थ आम्हां सरकारी नोकरांस विशेष जवळचा वाटला तर नवल नाही. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणिले. कीर्तन, लावणी, स्त्रियांची गाणी यांबरोबरच कानडी पदांच्या चालीही त्यांनी मोकळ्या मनाने घेतल्या. सीमेवरच्या माणसाच्या कानात दोन्ही भाषांचे सूर लहानपणापासून भरलेले असतात.

‘सौभद्र’नंतर अण्णासाहेबांनी ‘रामराज्यवियोग’ हाती घेतले. 1884 मध्ये त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. पुढील अंक लिहून होण्यापूर्वीच, 2 नोव्हेंबर 1885 रोजी, अवघ्या 42 व्या वर्षी गुर्लहोसूर येथे त्यांचे निधन झाले. रामाच्या राज्याभिषेकाचा भंग हा विषय असलेले हे नाटक स्वतःच भंग पावले. त्यांचे बेळगावचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ सर्वांस ठाऊक आहे. पण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून त्यांनीच 1893 मध्ये रचिलेले ‘शापसंभ्रम’ आज किती जणांस ठाऊक असेल?

हे घेणे एकतर्फी राहिले नाही, हेही सांगितले पाहिजे. मराठी मंडळ्या हुबळी-धारवाड-गदग भागात खेळ करू लागल्या, तेव्हा आपल्या भाषेतही असे व्हावे या ईर्षेने गदगच्या शांतकवींनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कानडी नाटकमंडळी उभी केली. कर्कीहून सांगलीस गेलेले ऋण गदगला असे परतले. पुढे केशवराव भोसले यांनी 1 जानेवारी 1908 रोजी ‘ललितकलादर्श’ ही मंडळी स्थापिली, तीही हुबळी येथेच.

आता प्रश्न असा की, या इतिहासाचे आपण करावयाचे काय? ‘आम्ही महाराष्ट्राबाहेर पडलेले लोक’ असे आपण सहज बोलून जातो. वरील हकीकत पाहता, निदान संगीत नाटकापुरते तरी आपण बाहेरचे नव्हे, उगमाजवळचे आहोत. म्हणून पुण्याहून तयार विनोदी नाटक आणवून समाधान मानणे आपल्याला शोभत नाही.

आपल्या घरांतील तिसरी पिढी मराठी समजते, अडखळत बोलते, देवनागरी वाचणे मात्र टाळते. तिच्यापुढे पुस्तक ठेवून फारसे साधत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. पद मात्र कानाने शिकता येते. ते एकदा पाठ झाले की शब्द, उच्चार आणि अर्थ तिन्ही जिभेवर राहतात. आपली अनेक मुले येथे कर्नाटक संगीत शिकत आहेत. त्यांच्या गळ्याला ही पदे जड जाणार नाहीत. रात्ररात्र चालणारे संपूर्ण नाटक करावयास आपल्याजवळ वेळ नाही आणि पैसाही नाही. पण ‘रामराज्यवियोग’चा अथवा ‘शापसंभ्रम’चा एक प्रवेश, आणि त्याच्या जोडीला ‘पंचभाषाविलास’मधील एखादा प्रसंग एवढे वर्षातून एकदा निश्चित जमेल. त्या पाच भाषांसाठी नट बाहेरून आणावे लागणार नाहीत. शेजारच्यांना बोलावले की झाले. कानडी मित्रांना तर त्यात आपल्याच घरच्या चाली भेटतील.

पन्नास वर्षांत या मंडळाने सण सांभाळले, वाचनालय सांभाळले, संकटात एकमेकांना सांभाळले. पुढील पन्नास वर्षांत ही पदेही सांभाळावीत, एवढीच विनंती. येत्या गणेशोत्सवापूर्वी कार्यकारिणीने एक लहानशी समिती नेमावी आणि पहिला प्रवेश निवडावा, अशी आमची सूचना आहे.