मांसाहार : सवय, व्यसन की अन्न?

(नागपूर येथील अभ्यासवर्गातील भाषण)



मांसाहार ही सवय की व्यसन, हा प्रश्न बहुधा भरल्या पोटी विचारला जातो. तरीही त्याचे उत्तर द्यावयास हवे.

दारूचे व्यसन एकाएकी सुटले की हात थरथरतात, झोप उडते. मांस सोडणाऱ्याची अशी अवस्था होत नाही. ओढ असते, हे खरे. पण ती कशाची? नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला सावजी रस्सा पाहा. तोच झणझणीत मसाला आणि तीच तर्री पाटोडीच्या रश्श्यातही असते, आणि लोक तो तितक्याच आवडीने खातात. जीभ चवीला सोकावते. ही सवय झाली.

सवय मोडता येते, याचा पुरावा इतिहासात आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. गावोगावच्या महार समाजाने ते मानले आणि त्यापायी गावाचा रोषही पत्करला. ते मांस खाणे ही चैन नव्हती. जातिव्यवस्थेने लादलेली लाचारी होती. स्वाभिमान जागा होताच ती झुगारली गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. मांस न खाण्याची मात्र नाही. व्यसन आणि अन्न यांतील भेद येथे स्पष्ट होतो. दयेपोटी जो मांस सोडतो, त्याचा आदरच केला पाहिजे. परंतु स्वतः केलेला त्याग वेगळा आणि दुसऱ्याच्या ताटावरची सक्ती वेगळी.

१९७६ च्या कायद्यातील गोहत्याबंदी २०१५ मध्ये बैल व वळू यांनाही लागू झाली. गरिबाचे स्वस्त मांस गेले, खाटकाचा धंदा गेला, थकलेला बैल विकण्याची शेतकऱ्याची सोय गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी काढून घेतला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी सवय की व्यसन या वादात गुंतून पडू नये. मुलाच्या ताटातले अंडे कोणी काढले, हा प्रश्न प्रत्येक शाळेच्या दारात विचारला गेला पाहिजे.