‘मूल’ नेमकं कुणाला म्हणायचं?



आज मी अमेरिकेतल्या एका कायद्याबद्दल बोलणार आहे. इथं सीमाभागात बसून अमेरिका कशाला, असं वाटेल. पण प्रश्न आपल्याच वयाचा आहे: कॉलेजात शिकणारं, घरच्यांच्या पैशावर जगणारं पोर सरकारच्या हिशेबात कोण?

२७ मार्च २०२० ला, कोरोनाच्या सुरुवातीला, तिथं ‘केअर्स’ कायदा झाला. ठराविक उत्पन्नाच्या आतल्या प्रत्येक प्रौढाला १,२०० डॉलर आणि प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर. ऐकायला सोपं आहे. पण व्याख्या बघा. मूल म्हणजे १७ वर्षं पूर्ण न झालेलं. आणि १,२०० कुणाला? जो दुसऱ्या कुणावर अवलंबित धरला जात नाही त्याला.

आता तिथल्या करकायद्यात पूर्णवेळ शिकणारं मूल २४ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांवर अवलंबित धरता येतं. म्हणजे १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनं १,२०० मागितले, तर उत्तर ‘तू अवलंबित आहेस’. तिच्या आईनं ५०० मागितले, तर उत्तर ‘ती आता मूल नाही’. एकाच कायद्यानं दोन्ही दारं बंद! मुलांनी सांभाळलेले म्हातारे आईवडील आणि अपंग प्रौढ यांचंही तेच झालं.

ही १७ ची रेघ आली कुठून? मुलांसाठी करात मिळणारी सवलत, म्हणजे ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’, त्याच्या जुन्या कलमातून. संकट नवं होतं, व्याख्या मात्र आयती उचलली.

दुसरी अट कागदाची. नवरा-बायकोनं एकत्र करपत्रक भरलं असेल, तर दोघांकडेही सोशल सिक्युरिटी नंबर हवा. सूट फक्त सैनिकी कुटुंबांना. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत बायको एच-४ वर असते. कामाचा परवाना नसेल, तर तो नंबरही नाही. अशा घरात मूल जन्मानं अमेरिकन नागरिक असलं, तरी पूर्ण कुटुंबाला शून्य.

पण गोष्ट इथं संपत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ही जोडप्यांची अट सैल झाली, तीही मागच्या रकमेसकट. मार्च २०२१ च्या कायद्यात तर वय कितीही असो, प्रत्येक अवलंबितामागे १,४०० डॉलर ठरले. म्हणजे ती विद्यार्थिनी तीच, आईही तीच. बदलली फक्त व्याख्या.

आपल्याकडे बघा. कोरोनात आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन’ योजना आली. २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळण्याची तरतूद. अट अशी, की पालक वारले त्या दिवशी १८ पूर्ण झालेली नसावीत. त्यामुळे थोरली १९ वर्षांची बहीण बाहेर, धाकटा भाऊ आत. आणि घरचा कमावता बाप गेला, पण आई आहे, तर दोघंही बाहेर.

रेघ कुठंतरी आखावीच लागते, हे मान्य. पैसा अमर्याद नसतो. पण शिक्षण अर्ध्यावर असलेलं पोर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कमावतं होत नाही, हे रेघ आखणाऱ्यानं विसरू नये.

म्हणून कुठलीही योजना आली, की रकमेचा आकडा नंतर वाचा. आधी चार गोष्टी शोधा: वय किती, ते कुठल्या तारखेला मोजणार, कागद कुणाचा हवा, आणि घरातला एक जण अपात्र ठरला तर बाकीच्यांचं काय. आपल्या भागात एकाच घरात एकाचा दाखला कर्नाटकातला आणि दुसऱ्याचा महाराष्ट्रातला असतो, तेव्हा हा तिसरा-चौथा प्रश्न आपल्याला जास्तच लागू पडतो.

आणि उत्तर अन्यायाचं वाटलं, तर ‘आमचं नशीब’ म्हणून गप्प बसू नका. अमेरिकेत एका वर्षाच्या आत ती व्याख्या बदलली. कायद्यातलं वाक्य माणसानंच लिहिलेलं असतं. ते बदलायची मागणी करता येते, लेखी करता येते, आणि ती आपणच करायची आहे.