माडीवरची मुले



मी सातवी शिकलेली. पदवीधरांविषयी ही काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण सदाशिव पेठेत आमच्या माडीवर गेली 12 वर्षे मुले कॉट घेऊन राहतात, त्यांचे डबेही माझ्याच हातचे. तेव्हा पाहिलेले तेवढेच सांगते.

बी. ए., बी. एस्सी., कोणी इंजिनिअर होऊन ही मुले लातूर-बीडकडून येतात आणि लोकसेवा आयोगाचा अभ्यास करतात. सकाळी सातला अभ्यासिकेत, परत रात्री अकराला. मधल्या वेळात एकजण शिकवण्या घेतो, दुसरा मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोचवतो. पेरणीला घरी जाऊन येतात ते वेगळेच. आणि आपण म्हणतो, रिकामी आहेत!

14 मार्च 2021 ची परीक्षा तीनच दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. मग ती 21 तारखेला झाली. एका आठवड्याचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण गावाकडून येणाऱ्या पैशांवर जगणाराच आठवडा मोजतो.

आता माझे मत, रुचो न रुचो. वयाची मर्यादा खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. एवढी वर्षे आहेत म्हणून सगळी घालवायची नसतात. एकतीस वर्षांच्या एकाला मी स्पष्ट म्हटले, बाबा, दुसरेही अर्ज भर. दोन दिवस जेवला नाही. 2024 साली सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, पदवीधराला महिना 10,000 रुपये. त्यात तो तालुक्याला गेला. मुदत सरली, पुन्हा कॉटवर आला. आता अर्ज भरतो, आणि जेवतोही.

माझी धाकटीही बी. कॉम. होऊन याच वाटेला लागली आहे. लग्नाचे विचारणाऱ्यांना मी सांगते, दोन वर्षे विचारू नका. मुलगे रात्री अकरापर्यंत वाचतात. मुलींना आपण आठलाच घरी बोलावतो, आणि घरात दूरदर्शन चालू असते.

आपल्या मंडळाची खोली दुपारी चारपर्यंत बंदच असते, आणि रात्रीही. दोन टेबले आहेत, पंखा आहे. मुलींना ती वाचायला द्यावी. रात्री किल्ली घेऊन मी बसेन, मटार सोलायचे ते तिथेच सोलीन. विजेचे बिल किती वाढेल, ते कोषाध्यक्षबाईंनी आजच सांगावे.